इन्व्हर्नेसहून आई-बाबांना

इन्व्हर्नेस, स्कॉटलंड, 29 जून

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

मी बरी आहे, ड्यूट्या नेहमीच्याच. आई, डोंगरावरचा फोटो पाहून तू फोन केलास तेव्हा मी वॉर्डात होते, नीट बोलता आलं नाही. मी एकटी गेले नव्हते गं. बरोबरच्या दोघी नर्स इथेच वाढलेल्या. नकाशा, होकायंत्र, जाड जाकीट, सगळं होतं. गाडी जवळजवळ 635 मीटर उंचीपर्यंत जाते, पुढचा चढ साडेपाचशेचा. गुडघ्याला उतरताना खरचटलं, फोटोत दिसतं तेवढंच.

बाबा म्हणतील, 1176 मीटरचं काय कौतुक, आपलं कळसूबाई 1646! खरंय, इथलं सगळ्यात उंच बेन नेव्हिसही 1345 च. पण वर एक झाड नाही, आणि जूनमध्येही घळीत बर्फ.

इथल्या लोकांचं एक मात्र मला अजून उमगत नाही. 1891 साली ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थांनी स्कॉटलंडमधल्या 3000 फुटांवरच्या डोंगरांची यादी छापली. स्वतंत्र डोंगर असेल तर तो मन्रो. त्याच डोंगराच्या अंगावरचं दुसरं शिखर असेल तर ते नुसतं टॉप. आज मन्रो 282 आणि टॉप 226. लोक वर्षानुवर्षं ते 282 चढतात, एकेकावर खूण करतात. म्हणजे राजगड मोजायचा, सुवेळा माची नाही! मधली खिंड किती खोल हवी, याचा ठाम आकडा नाही. गिर्यारोहकांचा क्लब ठरवतो, कधी कधी मन्रोचा टॉप होतो. खुद्द मन्रोंचीही यादी चढून पुरी झाली नाही.

आम्ही गेलो ते केर्नगॉर्म डोंगराचं टॉप, बर्फाच्या दरीवरचं टोक. दोघींच्या यादीत त्याने काही भर पडली नाही. मी महिनाभर रात्रपाळीत कोमेजलेली दिसले, म्हणून सुट्टी घालवून आल्या. माथ्याजवळ दगडांच्या आडोशाला बसून मी आजीच्या लिंबाच्या लोणच्याची शेवटची फोड पावात घालून खाल्ली. हातमोज्याला तेलाचा पिवळा डाग पडलाय. तो मी अजून धुतला नाही.

या महिन्याचे 40 हजार शुक्रवारी पाठवलेत, दादाच्या हॉलचं आगाऊ त्यातून द्या. डोंगरापायी खर्च झाला असं मनात आणू नका, बूट मैत्रिणीचे होते. नाशिकच्या स्थळाला इतक्यात हो म्हणू नका, मी बाबांशी सावकाश बोलेन.

आणि दादाच्या लग्नाचं. रजेचा अर्ज दोनदा केला, दोन्ही वेळा नाही आलं. साखरपुड्यालाही नव्हते मी. दादाला फोनवर सांगितलं, तो चालेल म्हणाला आणि लगेच जेवलीस का विचारू लागला. करवली म्हणून मामाच्या धाकटीला उभं करा, तिला करा नीट धरता येईल. माझ्यासाठी घेतलेली पैठणी मात्र कपाटातच राहू दे, कुणाला देऊ नका.

तुमची,
बबी