आप्पा, केळीचे पैसे पाठवू नका

लिंकन, इंग्लंड
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. आप्पा आणि आई,

साष्टांग नमस्कार.

गाडीचं कर्ज मंजूर झालं हे फोनवर सांगितल्यापासून आप्पांना झोप नाही, असं आई म्हणाली. केळीची पिलबाग कापली की आलेले पैसे मला पाठवायचे, माझ्या डोक्यावर कर्ज नको, असंही घरात चाललंय म्हणे. म्हणून आज सगळं सविस्तर लिहितेय. आप्पा, विकास सोसायटीची पावती जशी ओळ न् ओळ वाचता तसंच हे वाचा. आणि पैसे पाठवू नका. आत्ताच केळीची कांदेबाग लावलीय, ठिबकच्या नळ्या बदलायच्यात, मार्चमध्ये सोसायटीचं पीककर्ज फेडून नवं-जुनं करायचंय. ते पैसे तिथेच लागणार आहेत.

आधी गाडी कशासाठी ते सांगते. मला आता वॉर्डातून काढून कम्युनिटी नर्सिंगला घेतलंय. म्हणजे पेशंटच्या घरी जायचं, जखमेचं ड्रेसिंग बदलायचं, कुणाला इन्सुलिन द्यायचं, कुणाची लघवीची नळी (कॅथेटर) बघायची. हा सगळा शेतीचा मुलूख आहे. सपाट जमीन, बटाटा, कोबी, गहू, आणि लांब लांब वसलेली लहान गावं. बस दिवसातून मोजक्या, रविवारी तर बऱ्याच गावांना नाहीच. इथे गाडी म्हणजे कामाचं साधन आहे, हौस नव्हे. कामासाठी फिरले की मैलामागे भत्ताही मिळतो.

लायसन्सचं म्हणाल तर भारतातल्या लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून फक्त १२ महिने गाडी चालवता येते. पुढे इथलंच काढावं लागतं. लेखी परीक्षेत ५० प्रश्न, त्यांतले ४३ बरोबर यावे लागतात, वर रस्त्यावरचे धोके ओळखायची व्हिडिओची चाचणी, आणि मग परीक्षकाला शेजारी बसवून गाडी चालवायची. ते झालं.

आता कर्जाचं. पहिल्यांदा एका डीलरकडून अर्ज केला तेव्हा नकार आला. पगार चांगला, नोकरी पक्की, कुणाचा एक पैसा थकवलेला नाही, तरी नकार. कारण इतकंच की माझ्याबद्दल त्यांना काही माहीतच नव्हतं. आपल्याकडे जसा सिबिल तसं इथे एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तीन कंपन्या प्रत्येकाच्या देण्याघेण्याची नोंद ठेवतात. भारतातली नोंद इथे चालत नाही. ज्याने कधी कर्ज घेतलेलंच नाही त्याची फाइल कोरी, आणि कोरी फाइल सावकाराला चांगली वाटत नाही. तरुण मुलांचं, पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्यांचं इथे नेमकं हेच होतं, मग ते इथे जन्मलेले असोत की आपल्यासारखे बाहेरून आलेले. डीलर म्हणाला जामीनदार आणा. मी कुणाला विचारलं नाही. परक्या गावात दुसऱ्याला आपल्या कर्जात गुंतवायचं माझ्या मनाला पटलं नाही.

मग तिन्ही कंपन्यांकडून माझा अहवाल मागवला. तो फुकट मिळतो. आणि आप्पा, त्यात काय निघालं ते ऐका. पासपोर्टवर माझ्या नावापुढे तुमचं नाव आहे, मग आडनाव. बँकेने तुमचं नाव धरून पूर्ण नाव लावलं होतं. मोबाइल कंपनीने तुमचं नाव गाळलं होतं. विजेच्या बिलावर तर तुमच्या नावाचं पहिलंच अक्षर तेवढं. इथल्या लोकांना वडिलांचं नाव मध्ये लावायची पद्धत ठाऊक नाही, त्यामुळे एकाच मुलीच्या तीन मुली झाल्या होत्या आणि महिन्याच्या महिन्याला भरलेली बिलं एका ठिकाणी जमतच नव्हती. एकेका ठिकाणी फोन केला, पासपोर्टची प्रत पाठवली आणि सगळीकडे तुमच्या नावासकट नाव लावून घेतलं. एका बाईंनी सुचवलं की मधलं नाव काढूनच टाका, सोपं जाईल. मी नाही म्हटलं. आता कर्जाच्या करारावरही तुमचं नाव पूर्ण छापलेलं आहे.

दुसरं, मतदार यादीत नाव घातलं. हे मला आधी ठाऊकच नव्हतं. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्याने इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. कर्ज देणारे त्या यादीवरून पत्ता पडताळून बघतात. माझ्याबरोबर काम करणाऱ्या केरळच्या मुलींनाही हे माहीत नव्हतं, त्यांनाही सांगितलं. तिसरं म्हणजे लहान मर्यादेचं एक क्रेडिट कार्ड घेतलं, त्यावर फक्त किराणा आणायचा आणि महिनाअखेर पूर्ण रक्कम भरून टाकायची. व्याज एक पेनीही दिलं नाही. काही महिन्यांत फाइल भरली.

आणि मधल्या काळात कुठेही दुसरा अर्ज केला नाही. एका नकारानंतर घाबरून चार ठिकाणी अर्ज केले तर प्रत्येक अर्जाची नोंद फाइलवर उमटते, आणि पाचव्याला वाटतं की ही मुलगी पैशासाठी वणवण फिरतेय. त्यापेक्षा सॉफ्ट सर्च नावाचा प्रकार असतो, त्यात मिळण्याची शक्यता किती ते आधी कळतं आणि त्याचा डाग इतर सावकारांना दिसत नाही. तो करून, जिथे होकाराची खात्री दिसली तिथेच खरा अर्ज केला. मंजूर झाला. व्हिसाची मुदत कर्जाच्या मुदतीपुढे आहे, तेही त्यांनी बघितलं.

आता आकडे. गाडी जुनी आहे, लहान आहे, किंमत ७,५०० पौंड. १,५०० मी साठवलेले भरले, ६,००० चं कर्ज. व्याज वर्षाला १०.९ टक्के, ४८ हप्ते, दर महिन्याला साधारण १५३ पौंड. चार वर्षांत व्याजाचे म्हणून १,३५० च्या थोडे वर जातील. कमी नाहीत, मान्य आहे. पण हप्ता पगारातून जाऊन घरभाडं, जेवण आणि तुमच्याकडे पाठवायचे ते सगळं नीट बसतं. घरी येणारे पैसे एका महिन्यालाही कमी होणार नाहीत.

ह्या प्रकाराला हायर पर्चेस म्हणतात. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडी कायद्याने फायनान्स कंपनीची. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असला तरी शेत आपल्या नावावर असतं. इथे त्याहून एक पायरी कडक, नावच त्यांचं. लॉगबुकवर, म्हणजे इथल्या आरसीवर, माझं नाव आहे, पण गाडी ठेवणारी म्हणून, मालक म्हणून नाही.

शोरूममधल्या मुलाने दुसरा प्रकारही दाखवला होता, पीसीपी. त्यात जवळजवळ नवीकोरी गाडी, आणि हप्ता मात्र ह्या जुन्या गाडीपेक्षा थोडाच जास्त. इथली बरीच तरुण पोरं तेच घेतात. खोच अशी की हप्त्यांतून गाडीची अर्धीमुर्धी किंमतच फिटते आणि शेवटी एक मोठी रक्कम उभी राहते. ती एकदम भरा नाहीतर गाडी परत करा. वर्षाला किती मैल चालवायची त्यालाही मर्यादा, जास्त झाले की मैलामागे दंड. माझं कामच गावोगाव फिरायचं. चार वर्षं हप्ते भरून हातात काही उरायचं नाही, म्हणून नाही म्हटलं. त्या मुलाने दोनदा विचारलं, खात्री आहे का? मी करार घरी आणला, दोन रात्री वाचला आणि मगच सही केली.

आप्पा, तुमची खरी भीती मला ठाऊक आहे. उद्या नोकरीचं काही झालं, हप्ता थकला, तर दारात येऊन गाडी ओढून नेतील आणि परदेशात पोरगी एकटी. त्यासाठी इथे १९७४ चा कायदा आहे. एकूण देण्याचा एक तृतीयांश भरला गेला की कोर्टाच्या हुकमाशिवाय त्यांना गाडी नेता येत नाही. माझे डाउन पेमेंटचे पैसे त्यात धरतात, त्यामुळे दहा हप्त्यांत मी तिथे पोचते. आणि निम्मे भरले गेले की गाडी चांगल्या स्थितीत परत देऊन मोकळं होता येतं, पुढचं देणं नाही. ते विसाव्या हप्त्याला होईल. शिवाय तीन महिन्यांचे हप्ते निघतील एवढी रक्कम मी वेगळ्या खात्यात ठेवलीय. तिला हात लावणार नाही.

गाडी बघितली तीही नीट. इथे तीन वर्षांवरच्या प्रत्येक गाडीची दरवर्षी तपासणी होते, एमओटी म्हणतात. नंबर टाकला की सरकारच्या साइटवर मागच्या सगळ्या तपासण्या दिसतात, त्या त्या वेळी किती मैल झाले होते तेही. मीटर मागे फिरवलेला असेल तर तिथेच पकडला जातो. माझ्या गाडीचे मैल वर्षागणिक सारखे वाढत गेलेत, मागच्या वर्षी पुढचे टायर बदला म्हणून शेरा होता, ते बदललेले आहेत. आधीच्या मालकाचं फायनान्स बाकी नाही ना, तेही पैसे भरून तपासलं.

खरा जड खर्च विम्याचा आहे. नवीन लायसन्स, इथला अनुभव शून्य, त्यामुळे वर्षाला १,३०० पौंडांच्या आसपास. गाडीत एक लहान पेटी बसवलीय, ती मी किती वेगाने जाते, ब्रेक कसा मारते, रात्री किती वाजता चालवते हे विमा कंपनीला कळवते. नीट चालवली तर पुढच्या वर्षी कमी होईल. गाडी शोधताना पोरं हप्ता तेवढा बघतात आणि विमा नंतर विचारतात, तिथे गणित कोलमडतं. मी विम्याचे भाव आधी काढले आणि मग गाडी ठरवली.

आई, तुझ्यासाठी एक. लायसन्स मिळाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत नियम मोडल्याचे सहा पॉइंट लागले की ते रद्द होतं, आणि गाडी चालवताना हातात फोन धरल्याचेच सहा पॉइंट आहेत. त्यामुळे ड्यूटीच्या वेळी तुझा फोन उचलला नाही तर काळजी करू नकोस. घरी पोचले की मीच करते. तू काड्यांवर भाजलेल्या भरताचे फोटो पाठवत राहा. इथे मिळणाऱ्या वांग्याला बामणोदच्या वांग्याची सर कुठली.

आता बापूसाठी, आणि हे आप्पांनीही ऐकावं.

बापू, जळगावच्या शोरूममधून गाडीसाठी ५ लाखांचं कर्ज ७ टक्क्याने मिळतंय म्हणून तू खुशीत आहेस. तो ७ टक्के फ्लॅट आहे, म्हणजे शेवटपर्यंत सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर, की घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायची उरलेल्या रकमेवरच, एवढंच विचार. फ्लॅट असेल तर पाच वर्षांचं व्याज १,७५,००० आणि हप्ता ११,२५०. घटत्या शिलकीवर ७ टक्के असेल तर हप्ता ९,९०० च्या जवळ यायला हवा. तुला सांगितलेला हप्ता ११,२५० असेल, तर खरा दर साडेबारा टक्के आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने नियमच केलाय की बँक असो की फायनान्स कंपनी, कर्जाआधी एक तक्ता द्यायचा, त्यात सगळे चार्जेस धरून खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. तो तक्ता माग. देत नसतील तर उठून ये.

शोरूममधला फायनान्सवाला कितीही गोड बोलला तरी त्याला त्या कर्जावर कमिशन मिळत असतं. इथे तर डीलर ग्राहकाचं व्याज वाढवून आपलं कमिशन वाढवायचे, जानेवारी २०२१ मध्ये त्यावर बंदी आली. तेव्हा आपलं खातं आहे त्या बँकेत आधी विचार. सिबिलचा पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढ आणि नाव-पत्ता बरोबर आहे का बघ, माझ्यासारखं नको व्हायला.

आणि आप्पांना जामीन ठेवू नकोस. आप्पा, तुम्ही सही करायला तयार आहात हे मला माहीत आहे, बापूसाठी तुम्ही काहीही कराल. पण त्याचे हप्ते थकले तर ती नोंद तुमच्याही नावावर येते, आणि पीककर्जाच्या वेळी बँक ती बघते. त्याची नोकरी नवीन आहे. त्याने आधी सहा-आठ महिने स्वतःची नोंद तयार करावी, डाउन पेमेंट वाढवावं, आणि स्वतःच्या सहीवर गाडी घ्यावी. मी काही रक्कम देईन, पण ती डाउन पेमेंटमध्येच जाईल, हप्त्यात नाही. कर्ज फिटलं की बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवायचा, तेवढं राहून जातं आणि गाडी विकताना लोक अडकतात.

बापू, शोरूमच्या कोटेशनचा आणि त्या तक्त्याचा फोटो मला पाठव. दोन्ही बाजू पाठव, बारीक अक्षरातली पण. पुढच्या रविवारी मला सुट्टी आहे, आपण फोनवर बसून एकेक ओळ बघू. तोपर्यंत बुकिंगचे पैसे भरू नकोस.

आजीला नमस्कार.

तुमची,
ताई