"कुठल्या टपरीवर काढला हा फोटो?" : परराष्ट्रमंत्र्यांना खानदेशातल्या एका फोटोग्राफरचं खुलं पत्र

प्रति,
मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : चार वर्षांखालील बाळाचा पासपोर्टचा फोटो नाकारल्याबाबत, आणि त्या निमित्ताने आणखी बरंच काही.

महोदय,

स. न. वि. वि.

आपण देशोदेशीच्या बैठकांत असता, आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून एका पानात आटपायचं असं ठरवून लिहायला बसलो. ते काही जमणार नाही असं दिसतंय.

मी रावेर-यावल पट्ट्यातल्या एका गावात फोटो स्टुडिओ चालवतो. तीस वर्षं केव्हाच उलटली. निगेटिव्हवर पेन्सिलने टचिंग करायचो, तेव्हापासूनचा धंदा. लग्नं केली, बारशी केली, निवडणुकीत सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांचे फोटो काढले (काहींचे पैसे अजून यायचेत). पण दुकानाचं भाडं निघतं ते पासपोर्ट साईजवर.

मागच्या आठवड्यात लेकीला आणि पाच महिन्यांच्या नातीला घेऊन मी पासपोर्टच्या केंद्रावर गेलो. जावई परदेशात नोकरीला. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, आता दोघींनी तिकडे जायचं. आपल्या खात्याचा नियम असा की मोठ्या माणसाचा फोटो केंद्रावर तुमचाच माणूस काढतो, पण चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो घरून न्यायचा. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर, मागे पांढरं. जाण्याआधी हेल्पलाईनला फोन करून खात्री करून घेतली होती. "स्टुडिओत काढलेला पांढऱ्या बॅकग्राउंडचा फोटो चालेल सर, काही अडचण येणार नाही," असा शब्द मिळाला.

काउंटरवरच्या मुलाने फोटो उजेडाकडे धरला, नखाने कोपरा खरवडून पाहिला आणि माझ्या लेकीला विचारलं, "कुठल्या टपरीवर काढला हा फोटो?"

मी तिच्या मागेच उभा होतो, मंत्रिमहोदय. लेक काही बोलली नाही. मागे वळून माझ्याकडे बघायचं तिने टाळलं.

काय चुकलं म्हणून मी पुढे झालो. "बॅकग्राउंड." पांढरंच आहे. "डोळे पण." उघडेच आहेत. "काका, मागे लोक थांबलेत." एवढ्यावर विषय संपला. कारण कुठे लिहून नाही, शेरा नाही. नवी तारीख घ्या आणि नवा फोटो आणा. नव्या फोटोत काय वेगळं हवं ते विचारायचं नाही.

आता तो फोटो कसा काढला तेही ऐका, कारण टपरी हा शब्द मला झोपू देत नाहीये. पाच महिन्यांचं लेकरू पडद्यासमोर बसवता येत नाही. मांडीवर घ्यावं तर आईचे हात दिसतात, आणि फोटोत बाळाशिवाय हात नको, खेळणं नको, खुर्चीची पाठही नको. म्हणून पांढरी चादर कडक इस्त्री करून खिडकीजवळच्या गादीवर ताणली, बाळाला तिच्यावर निजवलं आणि मी स्टुलावर चढून वरून कॅमेरा धरला. फ्लॅश मुद्दाम मारला नाही, फ्लॅशने कानामागे काळी सावली पडते. सकाळी सातला हे सगळं चाललेलं, कारण आमच्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकला की दहानंतर त्या खोलीत मोठा माणूस थांबत नाही, बाळ कुठलं थांबायला. त्याआधी कपाळावरची तीट आणि डोळ्यांतलं काजळ पुसायला लावलं. त्यावरून तिची आजी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. बाळ हसलं की फोटो बाद, रडलं की बाद, तोंड उघडलं की बाद. जांभई देऊन झाली की बाळाचा चेहरा क्षणभर अगदी स्थिर होतो, ओठ मिटलेले आणि डोळे टक्क उघडे. तेवढ्यात बटण दाबायचं. हे कुठल्या परिपत्रकात सापडणार नाही, ते धंद्यात मुरल्यावर कळतं. तो क्षण मी धरला होता.

नियम मला मान्य आहेत, हे आधी स्पष्ट करतो. मॉन्ट्रियलला मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ते ठरवले, जगभरचे देश ते पाळतात. विमानतळावरचं यंत्र चेहरा ताडून बघतं, त्याला सावली नको, चष्म्यावर चमक नको, डोळ्यांवर केस नकोत. हे मी गिऱ्हाइकांना रोज समजावतो, फुकट. मला न समजणारी गोष्ट वेगळीच आहे. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षं चालतो. पाच महिन्यांचं बाळ पाच वर्षांचं झाल्यावर त्या फोटोतून कोणतं यंत्र ओळखणार आहे? जावळ काढल्यावर सख्खी आत्या ओळखत नाही. इंग्लंडच्या सरकारला हे कळलं. तिथे एक वर्षाखालच्या बाळाचे डोळे मिटलेले असले तरी चालतात, आणि सहा वर्षांखालच्या मुलाने कॅमेऱ्याकडेच बघायला हवं अशी सक्ती नाही. अमेरिका तान्ह्या बाळाचे डोळे पूर्ण उघडे नसले तरी फोटो घेते. आमच्या काउंटरवर मात्र तान्ह्या बाळाने सैनिकासारखं सावधान राहायचं.

बरं, एकच माप सगळीकडे चालावं, तर तेही नाही. परदेशातल्या आपल्या वकिलातींनी २०२५ च्या सप्टेंबरपासून ६३० बाय ८१० पिक्सेलचा फोटो मागायला सुरुवात केली, त्यात चेहरा ८० ते ८५ टक्के. भागून पाहा, प्रमाण सातास नऊ येतं. साडेतीन बाय साडेचारचंही तेच येतं. म्हणजे चौकट एकच, पण दूरदेशीच्या माणसाला चेहरा किती टक्के ते सांगायचं आणि खानदेशातल्या माणसाला नुसतं 'पांढरं' सांगून मोकळं व्हायचं. अमेरिकेच्या व्हिसाला दोन इंच बाय दोन इंच, युरोपच्या शेंगेन व्हिसाला पुन्हा साडेतीन-साडेचार पण चेहरा ७० ते ८० टक्के, पॅनकार्डाच्या अर्जाला साडेतीन बाय अडीच. एकाच माणसाचं एकच तोंड मी कात्रीने कितीदा छाटायचं?

आणि फोटो परत आला की शिव्या कोणाला? तुमच्या काउंटरला कोणी काही बोलत नाही, तिथे गार्ड उभा असतो. माणूस एसटीने दमून येतो आणि माझ्या काचेवर पाकीट आपटतो. "भो, तुला फोटो काढता येत नाही तर दुकान कशाला मांडलं?" मी पैसे परत देतो किंवा दुसरा काढून देतो. माझा कागद गेला, शाई गेली, वरून गावभर नाव गेलं. आपलं खातं वर्षाला दीड कोटीच्या आसपास पासपोर्ट देतं म्हणतात. शंभरातला एक जरी फोटोपायी परत गेला तरी दीड लाख माणसं झाली. एकेकाची रोजी आणि गाडीभाडं पाचशे धरा, साडेसात कोटी रुपये पाण्यात. शंभरातला एक हा आकडा माझा आहे. तुमच्याकडे दुसरा असेल तर छापा, मी दुकानात फ्रेम करून लावतो.

मोठ्यांचे फोटो तुम्हीच काढता, म्हणून तिथे सगळं ठीक असेल असंही समजू नका. आमच्या गल्लीतल्या एक आजी, सत्तरी ओलांडलेल्या, मुलाकडे परदेशी निघाल्या होत्या. आयुष्यात चारचौघांत डोक्यावरचा पदर ढळला नाही. केंद्रावर त्यांना पदर खाली घ्यायला सांगितलं, मागे रांगेत गावचे पुरुष. "लोकेसना मोऱ्हे पदर कसा काढू, भाऊ?" म्हणाल्या. समोरचा मुलगा मराठीच नीट बोलत नव्हता, त्याला अहिराणी काय कळणार. नियम म्हणतो, डोकं झाकायचं ते धार्मिक कारणाने, आणि तेव्हाही हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा आणि त्याच्या दोन्ही कडा दिसायला हव्यात. आजींचा पदर धर्मात बसतो की रीतीत, हे रांगेत उभं राहून कोणी ठरवायचं? माझ्या दुकानात अशा बायका आल्या की मी पुढचा पडदा ओढतो, सुनेला शेजारी उभं करतो आणि पदर कपाळाच्या केसांपर्यंत मागे घ्यायला सांगतो. चेहरा पूर्ण दिसतो, मानही राहतो. एक पडदा आणि दोन मिनिटं लागतात. त्या दिवशी आजींनी पदर काढला आणि फोटो आला. तो फोटो त्या कोणाला दाखवत नाहीत.

सरकारने स्वतः काढलेले फोटो तर बघायलाच नकोत. आधार कार्डावरचा स्वतःचा चेहरा ओळखू न आलेली माणसं रोज माझ्याकडे येतात. मतदान ओळखपत्रावर काळा डाग, त्याखाली नाव. हे फोटो कोणी परत पाठवल्याचं ऐकलंय? तिथे 'कुठल्या टपरीवर' असं कोणी विचारत नाही.

आणि आता तर माणसावर विश्वासच उरलेला नाही, विश्वास फक्त फोटोवर. सातपुड्याच्या पायथ्याला रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी मोबाईलच्या फोटोवर, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. डोंगरात रेंज नसली की दिवसभर उपसलेली माती सरकारला दिसत नाही. शेतकऱ्याने केळी लावली हे २०२१ पासून ई-पीक पाहणीत फोटो काढून सिद्ध करायचं. तलाठी त्याच बांधावरून जातो, पण त्याच्या डोळ्यांना किंमत नाही. पेन्शनवाला म्हातारा हयातीच्या दाखल्यासाठी फोनपुढे बसून डोळे मिचकावतो, मोतीबिंदू झालेले डोळे मिटले की उघडले ते फोनला कळत नाही, आणि तो जिवंत असून दाखल्यात नसतो. स्पर्धा परीक्षेची पोरं शेवटच्या तारखेला रात्री शटर वाजवतात, "काका, वीस ते पन्नास केबीत बसवून द्या." त्यांचं भविष्य केबीत बसवायचं काम माझं. सर्व्हर बंद पडला की तेही माझ्याच नावावर.

इतकं सगळं फोटोवर चालवायचं ठरवलंय, तर फोटो काढणाऱ्या माणसाला एकदा तरी काही विचारलंत का? खतांच्या दुकानदारांची शिबिरं होतात, रेशनवाल्यांची होतात. देशभर गल्लोगल्ली स्टुडिओ आहेत. त्यांच्यापर्यंत कोणता फोटो चालतो आणि कोणता नाही, याचं नमुन्यांसकट एक साधं पान आपल्या खात्याला पोचवता आलेलं नाही. मला जे येतं ते परत आलेल्या फोटोंवरून आलं. म्हणजे माझ्या गिऱ्हाइकांच्या खर्चाने.

मागणं फार नाही. फोटो नाकारला तर कारण लिहून द्या, सावली की डोळे की कागद, एक शब्द पुरे, आणि खाली ज्याने नाकारला त्याची सही. केंद्राच्या भिंतीवर चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या फोटोंचे नमुने मराठीत लावा. बायकांसाठी कॅमेऱ्यापुढे पडदा ओढा. आणि चार वर्षांखालच्या मुलांचे फोटोही तिथेच काढा. कॅमेरा तुमच्याकडे आहे, माणूस आहे, कमी आहे ती एका पांढऱ्या चादरीची. माझा धंदा तेवढ्याने बुडेल, बुडू दे.

यासाठी संसदेत कायदा करावा लागत नाही, एक परिपत्रक पुरतं. चादरीची तरतूद अर्थसंकल्पात नसेल तर ती मी माझ्या पैशाने घेऊन देतो. पावती मात्र द्यावी लागेल, साहेबांच्या सहीची.

कळावे,
आपला,
खानदेशातला एक फोटोग्राफर