नसबंदीची सक्ती मागण्याआधी

लॉस एंजेलिस

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

पाळीव कुत्र्यांची नसबंदी सक्तीची करा, असा अर्ज नगरपालिकेत देण्याआधी इथलं कसं आहे ते कळव म्हणालात. या शहरात 2008 पासून सक्ती आहे. कुत्रं असो की मांजर, चार महिन्यांचं झालं की ऑपरेशन. कायदा आला तेव्हा असं ठरलं होतं: पहिल्यांदा सापडलात तर स्वस्त ऑपरेशन कुठे होतं ती माहिती आणि 60 दिवसांची मुदत, तरी केलं नाही तर 100 डॉलर दंड आणि आठ तास समाजसेवा. पोलिसांची आणि स्पर्धेत उतरणारी कुत्री यांना सूट. पशुवैद्याने तब्येतीचं कारण लिहून दिलं तरी सूट. अख्ख्या कॅलिफोर्नियासाठी असंच विधेयक 2007 मध्ये आलं होतं, ते पुढच्या वर्षी सिनेटमध्ये पडलं.

मला खटकतं ते वय. वाढत्या कुत्र्याच्या लांब हाडांच्या टोकांना कूर्चेच्या पट्ट्या असतात. त्या वेळेवर बंद व्हायला लैंगिक संप्रेरकं लागतात. ऑपरेशनने ती बनायची थांबतात, म्हणून ते फार लवकर केलं की पट्ट्या उशिरा बंद होतात, पाय जरा जास्तच वाढतात आणि सांध्यांवर ताण येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2013 मध्ये गोल्डन रिट्रीव्हरचा अभ्यास छापला. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांत खुब्याचे आणि गुडघ्याचे विकार जास्त निघाले. लहान चणीच्या जातींत सहसा असा फरक दिसत नाही. तेव्हा लॅब्राडोर आणि पॉमेरियनला एकच वय लावू नका.

पण थांबायचं तर मालकाने मादीला माजाचे साधारण तीन आठवडे बंदोबस्तात ठेवायला हवं. एकदा गाभण राहिली की 63 दिवसांच्या आसपास पिल्लं. नराचंही ऑपरेशन झालं म्हणून त्याच दिवशी मोकळा सोडायचा नाही. पुढचे काही आठवडे त्याच्यापासून मादी गाभण राहू शकते. हे लोकांना कुणी सांगतच नाही.

दुसरी गोम नोंदणीत आहे. इथे कुत्रं पाळायच्या परवान्याला रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. ज्याला ऑपरेशन टाळायचंय तो परवाना टाळेल, आणि नाव कळू नये म्हणून लसही टाळेल. ते जास्त वाईट. शिवाय बडगा बसतो तो नोंदणी करणाऱ्या सरळ माणसावर. गुपचूप पिल्लं विकणारा यादीत नसतोच. त्यापेक्षा कॅलिफोर्निया राज्याचा साधा नियम मला शहाणा वाटतो: नसबंदीचा दाखला आणा, परवान्याची फी निम्मी किंवा त्याहून कमी.

आपल्याकडे 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत पाळीव प्राण्याची नसबंदी ही मालकाची जबाबदारी म्हटलेलीच आहे. म्हणून अर्जात आधी सोय मागा: माफक दरात ऑपरेशन कुठे होणार, महिन्याला किती होणार, टाके भरेपर्यंतच्या 10 ते 14 दिवसांत जखम चिघळली तर कुणाला दाखवायचं. दंडाचं कलम त्यानंतर. भटक्या कुत्र्यांचा विषय यात मिसळू नका, सभेत तेवढ्यावरच भांडणं होतील.

मसुदा झाला की फोटो पाठवा. काकूंना नमस्कार.

तुमची,
मीनल