पाटा तुटण्याआधी दिसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पाटा तुटल्याने टेम्पो उलटला’ ही ओळ आपल्या दैनिकात अधूनमधून वाचतो. वाचताना वाटतं, वीज पडावी तसा पाटा तुटला. पाटा म्हणजे पोलादाच्या पट्ट्या, म्हणजे पानं, एकावर एक रचून केलेली चाकावरची कमानदार स्प्रिंग. तो असा तुटत नाही. आधी त्याची कमान उतरून तो बसतो, मग चिरतो आणि मग तुटतो. गाडीखाली वाकून बघणाऱ्याला हे दिसतं. मी वाकलो नाही आणि दिवे घाटात माझा धाकटा भाऊ थोडक्यात वाचला, म्हणून हे पत्र.

आमची महिंद्राची जुनी पिकअप, वडिलांनी १९८४ साली घेतलेली. चारही चाकांना पाटे. पहाटे अंजीर भरून पुण्याला मार्केट यार्डात जायचं, हा तिचा नेम. अंजिराच्या गेल्या हंगामात, मीठा बहारात, अडत्याने सांगितलं, तुमच्या डाव्या बाजूच्या खालच्या क्रेटमधला माल फुटून येतोय. आम्ही क्रेट बदलले, खाली गवत जास्त अंथरलं. दुखणं मालाखाली होतं. मागचा डावा पाटा बसला होता आणि प्रत्येक खड्ड्यात ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, वरच्या रबरी ठोकळ्यावर आदळत होता.

पुढे गाडी डावीकडे झुकलेली दिसू लागली तेव्हा गॅरेजवर नेली. अर्ध्या तासात एक जाड पान जादा घालून मिळालं. गाडी वर आली, आम्ही निर्धास्त झालो. पण जादा पान फक्त वजन उचलतं. ज्या पानाची टोकं गुंडाळून त्यात बुश, म्हणजे रबरी नळ्या, बसवलेले असतात, ते मेन पान आमचं जुनंच राहिलं. या गाड्यांत पाटा म्हणजे नुसती गादी नव्हे. ॲक्सल जागेवर धरून ठेवण्याचं कामही तोच करतो आणि ब्रेकचा सगळा ओढा मेन पानावर येतो.

घाट उतरताना भावाने ब्रेक दाबला आणि पुढच्या टोकाजवळ मेन पान तुटलं. ॲक्सल एका बाजूने सरकला, गाडी तिरकी होऊन कडेच्या चारीत गेली आणि थांबली. दुसऱ्या दिवशी तो तुकडा मी हातात घेऊन पाहिला. तुटलेलं तोंड निम्मं गंजून काळं पडलेलं, निम्मं चांदीसारखं पांढरं. म्हणजे निम्मं पान आधीच चिरलेलं होतं आणि उरलेल्या निम्म्यावर आम्ही घाट उतरत होतो. तो तुकडा मी ओसरीत ठेवला आहे.

त्यानंतर एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आमच्या वाडीतले मामा आले. त्यांनी आधी चारही टायरची हवा सारखी केली. रिकामी गाडी सोसायटीच्या गोदामासमोर सपाट कोब्यावर उभी केली आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला. उजव्या बाजूचा, धड वाटणारा पाटासुद्धा पुढच्या चाकांच्या मानाने दीड इंच बसलेला निघाला. मडगार्ड वाकलेलं असू शकतं, म्हणून ॲक्सल ते चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, असंही मोजलं. मग बॅटरी घेऊन खाली शिरले. पानांच्या फटीतून गंजाची तांबडी रेघ उतरली असेल तिथे तारेच्या ब्रशने घासून चीर शोधायची. पाटा ॲक्सलला बांधणाऱ्या यू बोल्टच्या खाली, सगळी पानं मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या आसपास तर नक्कीच. दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर सारखं भरतं का, तेही पाहायचं. सारखं नसेल तर सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकलेला असू शकतो.

जुनी पानं ठोकून कमान चढवून देतो, असं म्हणणारे भेटले. मामांनी साफ नकार दिला. पाट्याचं पोलाद तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून तयार झालेलं असतं. घणाने ठोकून आलेली कमान चार खेपांत उतरते. आम्ही मागचे दोन्ही पाटे नवे घातले, कारण एकच बदलला तर गाडी पुन्हा झुकते. जॅकच्या भरवशावर न राहता चॅसीखाली घोडी, म्हणजे लोखंडी टेकू, लावली. बुश, पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या शॅकलच्या पिना आणि यू बोल्टही नवे घेतले. यू बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात, जुने पुन्हा वापरू नयेत. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलवरच्या बैठकीतल्या भोकात नीट बसलं की नाही, हे मामांनी मला बोटाने चाचपायला लावलं. बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवून, तिचं वजन पाट्यांवर आल्यावरच शेवटचे आवळले. गाडी अधांतरी असताना आवळले तर खाली उतरताच रबर पिळून फाटतं. आठ दिवसांनी यू बोल्टना पुन्हा पाना लावला, तर प्रत्येक नट पाव फेरा फिरला.

आता ऊस वाहतूक सुरू होईल. किती जुन्या गाड्या जादा पानं घालून उभ्या आहेत, ते आमच्या रस्त्यावर नुसत्या डोळ्यांनी दिसतं. आपणास एकच विनंती आहे. यापुढे ‘पाटा तुटल्याने’ असं छापण्याआधी आपल्या बातमीदाराने तो तुकडा हातात घेऊन पाहावा आणि तोंड किती काळं, किती पांढरं होतं, तेही बातमीत लिहावं.

आपला,
एक अंजीर उत्पादक, पुरंदर तालुका, जि. पुणे