सूचना : गणपतीनंतर आईवडिलांना मुंबईला नेणाऱ्यांसाठी
सर्व सभासदांना नमस्कार,

गणपती आटोपले की आपल्यातले बरेच जण स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांना मुंबईला नेतात. जागा बदलली की गोंधळ वाढतो, हे धरूनच चाला. निघण्याआधी एका कागदावर लिहून काढा : चालू औषधं नि वेळा, हाक कोणत्या नावाने मारायची, रात्री किती वेळा उठतात, कशाने शांत होतात. इस्पितळात दाखल करायची वेळ आली तर हाच कागद नर्सच्या हाती द्या.

माझी आई गुहागरहून निघाली तेव्हा तिची वाकळ आणि पितळी तांब्या सोबत घेतला. तिन्हीसांजेला ती दाराशी जाऊन "घरी जाऊया" म्हणायची. "हेच घर" असं समजावणं आम्ही सोडलं. तांब्या हातात दिला की बसायची.

एक विसरू नका. एक-दोन दिवसांत अचानक बडबड वाढली किंवा माणूस सुस्त पडला, तर "आजार वाढला" म्हणून थांबू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, नवं औषध, काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

सांभाळणाऱ्यांनो, एकट्याने ओढू नका. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन मोफत आहे. रविवारी चार वाजता नेहमीच्या जागी भेटू, कागद भरून आणा.