ओमाचा सोऱ्या

फ्रायबुर्ग
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय भावा,

शिव्या घालून झाल्या असतील तर आता वाच. तुझे तिन्ही मेसेज आणि ती व्हॉइस नोट (जिच्यात अर्धा वेळ नुसते सुतळी बॉम्ब ऐकू येतायत) सगळं पोचलं. रिप्लाय केला नाही कारण दोन ओळींत सांगून होईल अशी दिवाळी झालीच नाही यंदा. आज लेक्चर दुपारी आहे, बाहेर धुकं आहे, बसलोय लिहायला. लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी घराची सिस्टिम सांगतो, व्हिडिओ कॉलवर तुला नुसता जिना दिसला होता. इथे 'वोनेन फ्यूर हिल्फं' म्हणून प्रकार असतो, म्हणजे जागेच्या बदल्यात मदत. खोली जेवढ्या चौरस मीटरची तेवढे तास महिन्याला घरात काम करायचं, भाडं नाही, फक्त लाइट, पाणी, हीटिंगचे पैसे द्यायचे. माझी खोली १६ ची, म्हणून १६ तास. पाला गोळा कर, किराणा आण, ओमाचा प्रिंटर आठवड्यातून एकदा बिघडतो तो चालू कर. ओमा म्हणजे आजी, ती खाली राहते, वर तिची मुलगी, जावई आणि दहा वर्षांचा नातू. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात बी२ लेव्हलपर्यंत जर्मन घासून आलो आणि ही बाई बोलते इथली बाडिश बोली, पहिले पंधरा दिवस मी नुसता 'या, या' (म्हणजे हो, हो) करत मान हलवत होतो.

आणि ओपा, म्हणजे आजोबा, मार्चमध्ये गेले. मी आलो सप्टेंबरच्या शेवटी, त्यामुळे मी त्यांना बघितलेलंच नाही, पण माझी खोली म्हणजे आधी त्यांची खुडबुड करायची खोली, अजून ड्रॉवर उघडला की स्क्रू निघतात.

तर ऑक्टोबरमध्ये मी आईला उत्साहात सांगितलं की यंदा या लोकांना अख्खी दिवाळी दाखवतो, फराळ बिराळ सगळं. आई गप्प. मला वाटलं नेट गेलं. मग म्हणते, "अरे पण त्यांच्यात यंदा माणूस गेलंय ना? त्या घरात कढई कशी चढवणार तू?"

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं रे. तुला वेगळं सांगायला नको, तुझे आजोबा गेले त्या वर्षी तुमच्याकडे तळण नव्हतं आणि आमच्या घरून, देशपांडे वाड्यातून, सगळीकडून डबे आले होते, आणि तू नालायका मला म्हणाला होतास की आयुष्यात एवढ्या व्हरायटीच्या चकल्या कधी खाल्ल्या नाहीत. तोच नियम. त्या घरानं करायचं नाही, बाकीच्यांनी न्यायचं.

मी म्हणलं आई ते कॅथलिक आहेत, त्यांना कुठे असतं हे. तर म्हणे त्यांना नसेल, तुला आहे ना. फोन ठेवला. वीस मिनिटांनी परत फोन, मधल्या वेळात बहुतेक शेजारच्या काकूंबरोबर मीटिंग झाली असणार, कारण निकाल एकदम पक्का होता: "तू त्यांच्या घरचा नाहीस. भाडेकरू आहेस. तू केलंस तर ते बाहेरून आल्यासारखंच धरायचं. कर. फक्त थाट नको, लायटिंग नको."

झालं, प्रश्न मिटला. पण मला कुठली अवदसा आठवली कुणास ठाऊक, मी हे सगळं ओमाला सांगायला गेलो. किचनमध्ये ती सफरचंदं चिरत होती. मी माझ्या त्या पुस्तकी जर्मनमध्ये नियम सांगितला, मग आईनं काढलेली वाट सांगितली, आणि म्हणलं की मी तुमच्या कुटुंबातला नाही ना, म्हणून मला चालतं. ऐकताना लॉजिकल वाटतं, जर्मनमध्ये तर अजूनच. ओमानं सुरी खाली ठेवली आणि विचारलं, "म्हणजे तू आमच्या घरचा नाहीस." प्रश्न नव्हता तो. मी आपला त त प प, नाही म्हणजे तसं नाही, फक्त तळण्यापुरतं. ती परत चिरायला लागली. रात्रभर मला झोप नाही, आपण काय बोलून बसलो.

धनत्रयोदशीला, २९ तारखेला मंगळवारी, फराळ करायचा ठरवला. चण्याचं पीठ तुर्की दुकानात मिळालं. साजूक तूप चक्क सुपरमार्केटमध्ये असतं, बुटरश्माल्ट्स म्हणतात, लेबल वाचत बसलो नसतो तर मार्जरीन समजून सोडून दिलं असतं. बेसन भाजायला घेतलं, चाळीस मिनिटं हलवत उभा, हात गेला कामातून, आपल्या आया हे दरवर्षी पाच पाच किलोचं कसं करतात देव जाणे आणि आपण वर म्हणायचो की लाडू जरा कोरडा झालाय. वेलदोड्याची पूड टाकली तसा वरून जावई जिन्यात येऊन विचारतो, ख्रिसमस आला का? यांच्याकडे वेलदोडा पडतो तो ख्रिसमसच्या बिस्किटांत, त्यामुळे त्या वासाला त्यांच्या डोक्यात डिसेंबरच येतो.

लाडू झाले. शेवेचं पीठ भिजवलं, ओवा, हळद, तिखट, कडकडीत तेलाचं मोहन, सगळं आईनं व्हिडिओवर बघून पास केलं. आणि मग लक्षात आलं की सोऱ्या नाही. सामानात खलबत्ता आणलाय मी, दीड किलोचा, आणि सोऱ्या नाही. हस.

ओमा दारात उभी. दोन दिवस जरा मोजकंच बोलत होती माझ्याशी. विचारलं काय झालं, मी फोनवर सोऱ्याचा फोटो दाखवला. तिनं चष्मा लावून बघितला, खालचं कपाट उघडलं आणि श्पेट्सलंप्रेस काढला. श्पेट्सलं म्हणजे यांच्या जाड्या शेवया समज, अंडं आणि मैद्याचं सैलसर पीठ त्या प्रेसमध्ये घालायचं आणि उकळत्या पाण्यावर दाबायचं. दोन लांब दांडे, खाली भोकं, लिंबू पिळायच्या यंत्राचा थोरला भाऊ. ओपांनीच घेतलेला म्हणे, पन्नासेक वर्षांपूर्वी.

मी हात पुढे केला तर तिनं दिला नाही. म्हणाली, "कढई तुझी. तळणार तू. मी फक्त दाबणार. दाबणं म्हणजे काही तळणं नाही."

भावा, असली पळवाट आपल्या गुरुजींना पण सुचली नसती.

तेल तापलं का ते बघायला मी पिठाची गोळी शोधत होतो, तिनं लाकडी चमच्याचं टोक तेलात बुडवलं, बाजूनं बुडबुडे आले, मान हलवली. मग प्रेस कढईवर धरला आणि दाबला, आणि पीठ घट्ट असल्यामुळे काहीच नाही झालं. ७८ वर्षांची बाई, दोन्ही हातांनी, ओठ दाबून, आणि मग एकदम चर्रर्र करून पडली शेव. तिनं सुरीनं खालून सपकन कापली, जशी श्पेट्सलं कापतात तशी. मी आयुष्यात शेव पाडलेली नाही, ती आयुष्यात पाडतच आलीय, फक्त पाण्यात. भोकं मोठी असल्यामुळे शेव कसली, गाठीच झाल्या, पण कुरकुरीत. चौथ्या घाण्याला पॅसेजमधला स्मोक डिटेक्टर बोंबलायला लागला, कारण किचनचं दार मी उघडं टाकलेलं. नातू टॉवेल घेऊन त्याच्याखाली उड्या मारतोय, आई फोनवरून ओरडतेय काय झालं रे, आणि ओमा शांतपणे, "काप लवकर, करपेल."

संध्याकाळी कणकेचा दिवा करून खिडकीत दक्षिणेकडे तोंड करून ठेवला. ओमानं विचारलं हा असा बाहेर का बघतोय. सांगितलं यमासाठी असतो, अकाली कुणी जाऊ नये म्हणून. विचार करून म्हणते, "त्याला वाट दाखवताय की दारातच थांबवताय?" मला नाही माहीत. तुला माहीत असलं तर सांग. यावेळी मला कळलं की मला आपल्या सणातलं फक्त काय करायचं ते माहितीय, का करायचं विचारलं की मी गप्प.

अभ्यंगस्नान थोडक्यात सांगतो. इथे आता सूर्य सातनंतर उगवतो त्यामुळे सूर्योदयाआधी अंघोळ म्हणजे काही पराक्रम नाही, सहाला उठलो तरी अंधार. मोती साबण आईनं दिला होताच. कारीट कुठून आणणार? नातवाला हॅलोविनसाठी आणलेले छोटे शोभेचे भोपळे होते, त्यातला एक डाव्या अंगठ्याखाली ठेवून 'गोविंदा गोविंदा' म्हणत दाबला, दगड रे तो, अंगठा अजून दुखतोय. शेवटी एक पिकलेली किवी फोडली. नरकासुर मेला असं धरलंय. आणि हो, बागेत त्या पोरानं आणि मी किल्ला पण केला, त्याच्या खेळण्यातले चिलखतवाले नाईट मावळे झाले, आणि वर पेरायला काय मिळालं माहितीय? हळीव! यांच्याकडे क्रेसं म्हणतात, खिडकीत कापसावर उगवतात आणि ब्रेडवर कापून खातात. बाळंतिणीच्या लाडवातली वस्तू सॅलडमध्ये बघून मला कसंसंच झालं.

आता शुक्रवारचं सांगतो, त्याच्यासाठीच खरं तर हे पत्र.

तिकडे ३१ का १ असा घोळ चालला होता ना सगळ्या ग्रुप्सवर, आपल्याकडे लक्ष्मीपूजन १ तारखेला. आणि १ नोव्हेंबर म्हणजे यांचा आलरहायलिगन. सगळे जण आपापल्या माणसांच्या कबरीवर जातात, फुलं, दिवे. सरकारी सुट्टी, दुकानं बंद, आणि कायद्यानं शांततेचा दिवस, डान्स पार्ट्यांना सुद्धा बंदी. म्हणून मी गुरुवारीच म्युन्स्टरच्या, म्हणजे इथल्या मोठ्या चर्चच्या, चौकातल्या बाजारात फुलं आणायला गेलो. झेंडू नाही. पण शेवंती! पिवळीधमक, कुंड्यांच्या रांगा लागलेल्या. मी खूश, एक मोठी कुंडी उचलून घरी आणली.

दारात ओमा. कुंडी बघितली आणि माझ्या दंडावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच. म्हणाली, "त्याला पिवळीच आवडायची."

मला एक सेकंद लागला. मग आठवलं की बाजारातल्या सगळ्या बायका त्याच कुंड्या दोन दोन का घेत होत्या. इथे शेवंती म्हणजे कबरीवरचं फूल रे. मी तोंड उघडलं आणि मिटलं. तूच सांग, काय बोलणार होतो?

रात्री सगळे झोपल्यावर कात्री घेऊन मागच्या बाजूची सात फुलं लक्ष्मीसाठी कापून ठेवली. हे आईला सांगायचं नाही, तुला आपल्या कृष्णामाईची शपथ.

शुक्रवारी दुपारी सगळे गेलो. फादर येऊन कबरींवर पाणी शिंपडत फिरत होते, लोक कोट घालून हळू आवाजात बोलत होते, आपल्या अमावस्येला घाटावर असतात तसे. ओमानं माझ्या हातातून कुंडी घेतली, ठेवली, जरा लांब होऊन बघितली. एका बाजूनं बोडकी दिसतच होती. तिनं वाकून ती बाजू दगडाकडे फिरवली. काही बोलली नाही. मग लाल झाकणाचा दिवा माझ्या हातात दिला, लाव म्हणाली, आणि विचारते, "दक्षिण कुठेय?" मी म्हणलं हा गोल आहे, याला तोंडच नाही. "मग बरंय," म्हणाली.

निघेपर्यंत उजेड कमी व्हायला लागला होता, मागे बघितलं तर सगळीकडे लाल ठिपके. मी काही बोललो नाही, बोलण्यासारखं काही नव्हतंच.

घरी येऊन घाईघाईत पूजा मांडली, सव्वापाचलाच सूर्य मावळतो. लाह्यांऐवजी पफ केलेला तांदूळ, बत्तासे नाहीत म्हणून साखरेचे चौकोन, मीठ, लॅपटॉप, पाकिटातले वीस युरो. केरसुणी राहिली. यांच्याकडे सगळं व्हॅक्यूम क्लीनरवर. मी म्हणलं जाऊ दे, तर ओमानं विचारलं नक्की काय पाहिजे, आणि कोट परत चढवून बागेतल्या शेडमध्ये गेली. आली ती बर्चच्या काटक्यांचा खराटा घेऊन, ओपांचा, दांड्याला त्यांनी सायकलची ट्यूब गुंडाळलेली, पकडायला बरं पडावं म्हणून. त्यात मार्चपासूनचा सुकलेला पाला अडकलेला. मी झाडायला गेलो तर "राहू दे" म्हणाली. तसाच पाटावर ठेवला, हळदकुंकू लावलं, शेवंतीचं एक फूल वाहिलं. लक्ष्मीला आरती करताना माझं पहिलं कडवं झाल्यावर पुढचं आठवेना, कडव्याचा शेवट मी तीनदा म्हणलो, कुणाला कळलं नाही. फटाके इथे डिसेंबरअखेरशिवाय मिळतच नाहीत, फुलबाज्या चालतात, चार फुलबाज्या बागेत, आवाज न करता. आईची अट पण पाळली गेली.

पाडवा, भाऊबीज यथातथाच. भाऊबीजेला ताईनं फोनसमोर ताट फिरवलं आणि गूगल पेवर ओवाळणी मागितली.

शेजारी दोन घरी ओमा स्वतः डबे घेऊन गेली, म्हणाली आमच्याकडच्या मुलानं केलंय. 'आमच्याकडच्या' म्हणताना माझ्याकडे बघून घेतलं. काल एक डबा परत आला, आत अक्रोड.

आता मुद्द्याचं. काल तिनं हिशोब करून विचारलं, मार्चमध्ये वर्ष पूर्ण होतं, मग पुढच्या दिवाळीला कढई कुणाची? मी म्हणलं तुमची. तर म्हणे मग भोकं बारीक पाहिजेत, ही शेव जाडी होते. तेव्हा तुझा तो कंपनीतला मित्र जानेवारीत श्टुटगार्टला येतोय ना, त्याच्याबरोबर सोऱ्या पाठव. पितळेचा, फिरकीचा, मंडईतून घे, आणि घेताना बारीक शेवेची चकती आत आहे का बघ, ते लोक नेमकी तीच द्यायला विसरतात. पैसे टाकतो.

तुझा,
भाडेकरू