जुन्या जी४ मॅकवर लिनक्स बसवून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आपल्याकडे छपाई आणि डीटीपीच्या धंद्यात ज्यांनी उमेदीची वर्षं ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरवर काढली, त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या माळ्यावर असं एखादं यंत्र अजून पडून असेल. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्याही कामी यावं.

आमचं यंत्र म्हणजे २००२ सालचं पॉवर मॅक जी४, पुढच्या बाजूला आरशासारखी चकचकीत दारं असलेलं. आत दोन प्रोसेसर, पण इंटेलचे नव्हेत, पॉवरपीसी जातीचे. ॲपल, आयबीएम आणि मोटोरोला यांनी १९९१ मध्ये एकत्र येऊन ही जात जन्माला घातली. जून २००५ मध्ये ॲपलने इंटेलकडे वळत असल्याचं जाहीर केलं आणि २००६ मध्ये नवे मॅक सगळे इंटेलवर गेले. मागे राहिलेल्या यंत्रांचं काय करायचं, हे ज्याचं त्याने बघायचं होतं.

आमच्यासाठी ते यंत्र म्हणजे छापखान्याचं दप्तर. बाबांनी मॅक ओएस ९ या जुन्या कार्यप्रणालीवर क्वार्कएक्सप्रेस ४ या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये लावलेले दिवाळी अंक, शाळांच्या स्मरणिका, वाचनालयांचे वार्षिक अहवाल, गावातल्या कवींचे संग्रह, सगळं त्यातच. अक्षरं युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर अक्षरांना एकच क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमधली. ती फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली की कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. ते फॉन्ट, ते क्वार्क आणि ती प्रणाली तिन्ही एकत्र असतील तरच पान पान म्हणून उघडतं.

एका दुकानात विचारलं तर म्हणाले, डबा भंगारात द्या, हार्डडिस्कमधला डेटा काढून पेन ड्राइव्हवर देतो. तुम्ही मात्र पहिल्याच फोनवर विचारलंत, "त्यातलं काय काय अजून उघडावं लागतं तुला?" त्या एका प्रश्नाने पुढचं सगळं ठरलं. जुनी प्रणाली जशीच्या तशी राहणार आणि लिनक्स, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणारी वेगळी प्रणाली, तिच्या शेजारी येणार. लेपर्ड, म्हणजे मॅकचीच नंतरची १०.५ प्रणाली, टाकायचा माझा विचार तुम्ही तिथल्या तिथे थांबवलात. ओएस ९ चे प्रोग्रॅम चालवणारं 'क्लासिक' टायगरपर्यंतच, म्हणजे १०.४ पर्यंतच, होतं, लेपर्डमधून ते काढून टाकलं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग लिनक्स हवं कशाला, असं आमच्याकडे येणारे अजून विचारतात. टायगरला आजच्या सुरक्षित जोडण्यांची भाषाच येत नाही, त्यामुळे ते यंत्र नेटवर्कवर जवळजवळ मुकं झालं होतं. लिनक्समध्ये सुरक्षित जोडणीला एसएसएच आहे, फाईली दुसरीकडे पाठवायला आरसिंक आहे, पीडीएफ करायला घोस्टस्क्रिप्ट आहे. ओएस ९ मध्ये पान उघडून छपाईसाठीची पोस्टस्क्रिप्ट फाईल काढायची, लिनक्समध्ये येऊन तिची पीडीएफ करायची आणि रात्री सगळं दुसऱ्या डिस्कवर पाठवून द्यायचं. काम एवढंच. या यंत्रावर ब्राउझर चालवायची आशा धरू नकोस, हेही तुम्ही सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलंत. खोटी आशा न दाखवल्याबद्दल वेगळे आभार.

तुमची पहिली अट होती की मूळ डिस्कला हात लावायचा नाही. ती काढून, कागदात गुंडाळून कपाटात, आणि प्रयोग दुसऱ्या डिस्कवर. या यंत्राला जुन्या आयडीई डिस्क लागतात, त्यातली एक चांगल्या अवस्थेतली तुम्हीच तुमच्या सामानातून काढून दिलीत. पैसे घेतले नाहीत, ते नाहीतच.

नव्या डिस्कचे भाग टायगरच्या डिस्क युटिलिटीत पाडताना 'मॅक ओएस ९ ड्रायव्हर्स' या चौकोनात खूण करायला तुम्ही लावलीत. त्या खुणेची किंमत डेबियन या लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये कळली. पडद्यावर भागांची यादी आली आणि मॅकचा पहिला खरा भाग थेट नवव्या क्रमांकावर. त्याच्या वर पार्टिशन मॅप (डिस्कचा नकाशा), दोन-तीन प्रकारचे ड्रायव्हर, पॅचेस, अशी बारीक बारीक नावं, काही तर किलोबाइटमध्ये मोजावीत एवढीच. कुणालाही वाटेल, हा गाळ आहे, पुसून जागा मोकळी करावी. तुम्ही फोनवरून एकेका ओळीचा अर्थ सांगितलात. ते पुसलं असतं तर ओएस ९ ला स्वतःची डिस्कच दिसली नसती. आपोआप भाग पाडणारा पर्याय सोडून हाताने भाग पाडायचे, आणि फक्त मोकळ्या जागेला हात लावायचा, हे तुम्ही मला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलंत.

ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी मधला एक मुद्दा सविस्तर सांगते, कारण साध्या पीसीवर लिनक्स बसवलेली माणसंही इथेच अडकतात. या मॅकमध्ये पीसीसारखं यंत्र सुरू करून देणारं बायोस नाही, त्याच्या जागी ओपन फर्मवेअर आहे. सुरू होताना कमांड, ऑप्शन, ओ आणि एफ एकदम दाबून धरलं की पांढऱ्या पडद्यावर त्याचा प्रॉम्प्ट येतो. त्याला लिनक्सचे भाग वाचता येत नाहीत, पण फाईली ठेवायची ॲपलची एचएफएस पद्धत येते. म्हणून लिनक्ससाठी साधारण एक मेगाबाइटचा एक चिमुकला भाग वेगळा काढायचा, तो आतून एचएफएस पद्धतीचा, पण डिस्कच्या नकाशात त्याचा प्रकार 'ॲपल बूटस्ट्रॅप' असा लिहायचा. प्रकार वेगळा असल्यामुळे मॅक तो उघडत नाही आणि त्यातलं काही बिघडवत नाही. लिनक्स सुरू करून देणारा यबूट नावाचा छोटा प्रोग्रॅम तिथे राहतो, आणि वायबिन ही आज्ञा त्याला तिथे नेऊन बसवते. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये याच भागाला 'न्यूवर्ल्ड बूट पार्टिशन' म्हणतात.

हा भाग मॅकच्या भागांच्या आधी यावा, असा तुमचा आग्रह होता. कधी कुणी कमांड, ऑप्शन, पी, आर दाबून फर्मवेअरची स्मृती पुसलीच, तर यंत्र मूळ सवयीप्रमाणे पहिला सुरू होण्याजोगा भाग शोधतं. तो आपला असावा. म्हणून आपण टायगरमध्येच सुरुवातीला एक लहान भाग नुसता धरून ठेवला आणि नंतर इन्स्टॉलरमध्ये त्याच जागी बूटस्ट्रॅप केला. इतका पुढचा विचार मला पैसे घेऊन काम करणाऱ्यांत क्वचितच दिसलाय.

आता यंत्र सुरू केलं की साधी अक्षरं येतात. एल दाबलं तर लिनक्स, एक्स दाबलं तर टायगर, एम दाबलं तर ओएस ९. आमच्याकडे पंचवीस वर्षं काम करणारे ऑपरेटर मामा एम दाबतात आणि त्यांच्या ओळखीच्या पडद्यावर जातात. त्यांच्या हाताच्या सवयीला धक्का लागला नाही, याचं मला सगळ्यात जास्त समाधान आहे.

पंख्याचं मला मुद्दाम लिहायचंय. या मॉडेलचा पंखा इतका गरजतो की त्याला परदेशात 'विंडटनल' असं टोपणनाव पडलं. लिनक्स बसल्यावर तुम्ही सगळ्यात आधी बघायला लावलंत ते थर्म_विंडटनल हे मॉड्यूल चढलंय का. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, या एकाच प्रकारच्या यंत्राचा पंखा आणि तापमान सांभाळणारा स्वतंत्र ड्रायव्हर आहे. कुणीतरी बसून तो लिहिला आणि पुढच्यांनी सांभाळला. हे कळल्यावर त्या मंडळींबद्दल माझ्या मनात जो आदर तयार झाला, तोही तुमच्यामुळेच.

आणि फॉन्ट! मी ते लिनक्समधून सरळ कॉपी करणार होते, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आधी एकाची साइज बघ." शून्य बाइट. जुन्या मॅकच्या फाईलला दोन कप्पे असतात, आणि फॉन्टचा सगळा ऐवज रिसोर्स फोर्क या दुसऱ्या कप्प्यात असतो, जो साध्या कॉपीत येतच नाही. आधी ओएस ९ मध्ये स्टफइटने ते बांधून घ्यायचे, मग ती बांधलेली फाईल कुठेही न्यावी. तसंच, मॅकच्या भागावर जर्नलिंग (बदलांची नोंद ठेवणं) चालू असेल तर लिनक्स तो फक्त वाचायला देतं, लिहू देत नाही. मला तेच हवं होतं, म्हणून तुम्ही ते चालूच ठेवलंत. दुकानदाराने डेटा काढून दिला असता तर रिकाम्या फॉन्टच्या फाईलींची यादी माझ्या हातात आली असती आणि यंत्र तोवर भंगारात गेलं असतं.

आपण डेबियन ८ बसवलं होतं. २००० सालच्या २.२ पासून डेबियन पॉवरपीसीवर अधिकृतपणे मिळत आलं, पण जून २०१७ च्या ९ व्या आवृत्तीत हा प्रोसेसर वगळला गेला. मी तुम्हाला काही विचारायच्या आतच तुमचा मेल आला होता: डेबियन पोर्ट्समध्ये स्वयंसेवक हे काम चालू ठेवतायत, अपडेटचे पत्ते असे बदल, 'अनस्टेबल' आणि 'अनरिलीज्ड' दोन्ही ओळी लिही, आणि अपडेट खरे आहेत का हे तपासायची त्यांची सहीची किल्ली दरवर्षी बदलते म्हणून कीरिंग, म्हणजे किल्ल्यांचा जुडगा, आधी नवं कर. तिकडे आता यबूटऐवजी ग्रब वापरतात, पण आपलं जे चाललंय ते उगाच हलवू नकोस, असंही शेवटी होतं. त्याच मेलमध्ये तुम्ही यलो डॉग लिनक्सची हकिकत लिहिली होतीत. पॉवरपीसी मॅकसाठीच निघालेलं ते लिनक्स, आणि रेड हॅटवाल्यांच्या 'यम' या प्रोग्रॅम बसवणाऱ्या साधनाच्या नावात तेच पिवळं कुत्रं आहे. हे मी आता छापखान्यात येणाऱ्या प्रत्येक कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोराला सांगते.

मध्यंतरी अपडेट अचानक बंद पडले, किल्ल्या खोट्या ठरायला लागल्या. तुम्ही फक्त तारीख विचारलीत. बोर्डावरची ३.६ व्होल्टची छोटी लिथियम बॅटरी संपली होती आणि घड्याळ कित्येक दशकं मागे गेलं होतं. नवी बॅटरी टाकली, तारीख लावली, सगळं सुरळीत.

दिवाळी अंकांच्या पीडीएफ पूर्ण झाल्या आहेत. वाचनालयाला त्यांचे अहवाल देऊन झाले. एका कवींच्या घरच्यांना त्यांचा संग्रह हवा होता, तो मूळ मांडणीत, मूळ अक्षरांत पुन्हा छापून दिला. त्याच्या पाच प्रती तुमच्यासाठी बाजूला काढल्या आहेत. स्मरणिकांचं काम चालू आहे.

तुम्ही वेळोवेळी पाठवलेल्या सूचना मी क्रमाने लावून, टाइप करून छापखान्यात ठेवल्यात. कुणाकडे पॉवरपीसी मॅक असेल आणि आतलं जुनं काम जिवंत ठेवायचं असेल, तर त्याने यावं, प्रत घेऊन जावी. याला तुमची परवानगी मी गृहीत धरलेली नाही, मागच्या महिन्यात फोनवर तुम्ही "दे की सगळ्यांना" म्हणालात, त्यावर हे लिहितेय.

आई तुमची आठवण काढते. या बाजूला आलात तर जेवायलाच या.

तुमची,
छापखान्यातली मुलगी